नाही म्हटल्यानंतर

शिट्टी ओठांत धरलेली होती आणि फुंकायची राहून गेली. उजवीकडे, खाली, जांघेच्या आतल्या कडेला काहीतरी सरकलं. दुखलं नाही, खाजलंही नाही. ओल्या लोकरीचा धागा कुणी हलक्या हातानं ओढून न्यावा तसं, आणि मागोमाग नखाएवढ्या जागेत ऊब. तलावाच्या काठावर ती तशीच उभी राहिली. पाण्यात मुली फेऱ्या मारत होत्या, भिंतीला पाय लावून वळत होत्या, छताच्या पत्र्याखाली त्यांच्या हातांचा आवाज घुमत होता, क्लोरीनचा वास डोळ्यांत जात होता, सगळं रोजचं होतं. उद्यापासून तिची बाळंतपणाची रजा. पोट इतकं पुढे आलेलं की स्वतःचे पाय दिसेनासे होऊन महिना झाला होता, पण ते पोट घेऊन ती काठावरून अशी चालायची की जणू पदकच मिरवतेय. मुंग्या पुन्हा आल्या. आता शंका नव्हती. घरच्या माणसाची पावलं जिन्यावर ओळखू यावीत तशी ती ही चाल ओळखत होती. उद्या नाही तर परवा तिथं फोड येणार. आत्ताच? असं ती मनाशी म्हणते न म्हणते तोच पोटात खोल काहीतरी फट्कन सुटलं आणि कोमट पाणी दोन्ही पायांवरून वाहत खाली गेलं. काठावरच्या फरश्या ओल्याच होत्या. जिथं सगळंच ओलं तिथं कुणाला काय कळणार? लांब हातांच्या एका मुलीनं भिंतीला हात लावून डोकं वर काढलं. "कोच, माझं कसं झालं?" "छान," ती म्हणाली. "खांदा अजून मोकळा सोड." मग तिनं शिट्टी फुंकली. "सगळ्या वर या. आणि एकीनं ऑफिसात जाऊन माझ्या घरी फोन लावायला सांगायचं. पाणी गेलंय म्हणावं." मुली तलावाकडे बघायला लागल्या. "त्यातलं नाही गं, गधड्यांनो. माझं!"

सासूबाई टॅक्सी घेऊन आल्या तेव्हा ती पायऱ्यांवर टॉवेल अंथरून बसली होती. सासूबाईंनी आयुष्यभर बायकांचे कपडे शिवायचं दुकान चालवलं होतं. दुकान बंद केलं तरी माणसाकडे बघण्याची नजर शिंपिणीचीच राहिली होती. दारातून येणाऱ्याचा खांदा, कंबर, एक पाय आखूड आहे का, हे त्या चहाचं विचारायच्या आधी पाहून घ्यायच्या. तिलाही त्यांनी पहिल्या भेटीत असंच पाहिलं होतं आणि मुलाला आत बोलावून, मुद्दाम तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या, "खांदे बघ तिचे! हिचे कपडे मीच शिवणार. दुसऱ्या कुणाला जमायचे नाहीत." गेले आठ महिने त्या गल्लीभर सांगत फिरत होत्या, आमची सून पोहणारी, हिला कसलं ऑपरेशन नि कसलं काय, दोन श्वासांत मोकळी होईल. आणि खोटं कशाला बोला, तिलाही ते ऐकायला आवडायचं. तीही तलावावर मुलींना तेच सांगायची. श्वास कसा धरायचा, कसा सोडायचा, दुखणं आलं की त्याच्याशी भांडायचं नाही, त्याच्यावर स्वार व्हायचं. तुमची कोच कशी बाळंत होते बघा. बढाई खरी, पण पोकळ नव्हती. हे शरीर तिनं स्वतः घडवलं होतं, पहाटेच्या गार पाण्यात, एकेका स्नायूला हाक मारून. टॅक्सी सिग्नलला थांबली. पोट दगडासारखं घट्ट झालं, मग सैल झालं, आणि त्या सैलपणात पुन्हा खाली तो धागा सरकला. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत ड्रायव्हरला म्हणाल्या, "घाई करू नका हो. पोहणारी आहे. अजून बराच दम आहे तिच्यात." ती खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्याकडेला एक माणूस दुकानाची काच पुसत होता, वरून खाली, वरून खाली, आणि तरी काचेवर त्याच्या फडक्याची रेघ राहतच होती.

पहिल्यांदा झालं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. उंच फळीवरून उड्या मारणारा एक होता, हवेत असताना जगातला सगळ्यात सुंदर माणूस आणि जमिनीवर आला की अगदीच सुमार. त्याच्याबरोबर एक उन्हाळा गेला. उन्हाळ्याच्या शेवटी तिला ताप भरला, अंग मोडून आलं, आणि लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यावं अशी आग. ज्या डॉक्टरकडे गेली त्यानं पहिला प्रश्न विचारला, "लग्न झालंय का?" आणि मग मान खाली घालून औषध लिहिलं, ती मान तिच्याकडे पुन्हा वर केलीच नाही. "हर्पीज आहे. जात नाही हा. दबून राहतो." इतकंच. तिनं शेजारच्या मावशींना आडून आडून विचारलं तर त्या म्हणाल्या, हर्पीज म्हणजे नागीण, कमरेला विळखा घालते. तसंही नव्हतं ते. नागीण वेगळी, हा तिचा लांबचा भाऊबंद. आपल्याला काय झालंय याला सांगण्यासारखं एक नाव नाही, याचंच तिला जास्त लागलं होतं. घोटा मुरगळला तर सगळा संघ विचारायचा, कोच स्वतः बर्फ लावायचे. याला बर्फ लावायला कोण येणार? तिला वाटायचं, पाण्यात उतरलं की सगळ्यांना दिसतंय. पाण्यातून हा पसरत नाही हे ठाऊक असूनही कितीतरी महिने ती सगळ्यात कडेच्या पट्ट्यात पोहत राहिली. मग हळूहळू सवय झाली. भाडं न देणारा, पण वर्षातून दोनदा दार वाजवून आपण आहोत हे सांगणारा भाडेकरू. आधी मुंग्या, मग ऊब, मग पाण्यानं भरलेल्या दोन-तीन बारीक पुळ्या, मग खपली, मग काही नाही. मुंग्यांच्या बाबतीत तिचं शरीर कधी खोटं बोललं नव्हतं.

नवऱ्याला तिनं लग्नाआधीच सांगितलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. लोक अडकलेले असताना घाबरून चालत नाही, अशा धंद्यातला शांत माणूस. एका बागेच्या बाकावर बसून तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं आणि मग उठून जाण्यासाठी पिशवीचा बंद हातात घट्ट धरून ठेवला. त्यानं त्या बंदाकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, "बरं. मग काय काय सांभाळायचं?" कुठली दोरी झिजली आहे, कुठला दिवा लागतोय, असं विचारावं तसं. त्या प्रश्नावर तिनं त्याच्याशी लग्न केलं असं ती पुढे चेष्टेत म्हणायची, पण ती चेष्टा नव्हती. दिवस गेले तेव्हा तिच्या डॉक्टरीणबाईंनाही तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं. बाईंनी नीट समजावलं होतं. जुना आजार असला की आईच्या रक्तातून बाळाला थोडं संरक्षण मिळालेलं असतं. खरी भीती पोटुशी असताना, त्यातून शेवटच्या महिन्यांत, पहिल्यांदाच लागण झाली तर. तरीही ऐन कळांच्या वेळी फोड असले, किंवा फोड यायची चाहूल असली, तर बाळ त्या वाटेनं आणायचं नाही, पोटातून काढायचं. "लागण्याचा धोका थोडा आहे," बाई म्हणाल्या होत्या, "पण लागलं तर ते नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतं. जिवावर बेततं, किंवा वाचलं तरी जन्माचं नुकसान. म्हणून आपण थोडासुद्धा पत्करत नाही." शेवटच्या महिन्यासाठी त्यांनी गोळ्या दिल्या, आजार दाबून ठेवणाऱ्या. त्या ती पोहण्याच्या चष्म्याच्या डबीत ठेवायची, कारण तोवर सासूबाई राहायला आल्या होत्या आणि घरातल्या प्रत्येक पुडीवर त्यांचं लक्ष असायचं. "कसल्या गं या?" "लोहाच्या, आई." नवरा तेवढ्यापुरता पेपर वर धरायचा.

दवाखान्यातली खोली लहान होती. एक पलंग, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात पाणी गरम करायचं यंत्र आपलं आपण गुणगुणत होतं. तिच्या नेहमीच्या बाई परगावी होत्या. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती, केस घट्ट बांधलेली, बोलण्याआधी ऐकणारी. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता, तो निघाला असल्याचा निरोप आला होता. सासूबाईंनी खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी ओढली आणि तिची टाच मुठीत धरून बसल्या. कळा छान येत होत्या. ती त्यांच्यावर स्वार होत होती, मुलींना सांगितलं होतं तसंच; लाट यायची, ती तिच्या अंगावरून जाऊ द्यायची, मग श्वास. नर्स म्हणाली, "वा, असं कुणी घेत नाही." सासूबाईंनी खुर्चीतच मान ताठ केली. "पोहणारी आहे," त्या म्हणाल्या. डॉक्टरणीनं दिवा ओढून नीट तपासलं, कागद चाळले, आणि सासूबाईंकडे एकदा बघून, शब्द जपून वापरत विचारलं, "तुमचं ते जुनं जे आहे, त्याचा आत्ता काही त्रास? जळजळ, मुंग्या? मला तर काही दिसत नाहीये, सगळं स्वच्छ आहे."

"नाही," ती म्हणाली.

इतक्या सहज. तलावावर 'दमलीस का?' असं कुणी विचारलं की जो 'नाही' बाहेर पडायचा तोच हा, ठणठणीत, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेला. डॉक्टरीण मान हलवून हात धुवायला वळली. आणि पुढची कळ आली. या वेळी ती स्वार झाली नाही, लाटेच्या खाली गेली. खाली हिरवं, मंद, बहिरं पाणी होतं आणि त्यात तिला स्वतःचा 'नाही' गोल गोल फिरताना ऐकू येत होता. दिसत नाहीये ना डॉक्टरला? मग? फोड उद्या येईल, उद्या बाळ बाहेर असेल. धोका थोडा आहे. थोडा म्हणजे किती थोडा? गोळ्या तर घेतल्याच आहेत, दोनदा चुकल्या असतील. आणि मी हे करू शकते, मला येतं, यासाठीच तर हे शरीर आहे. टाचेवर सासूबाईंचा हात होता, सुईनं टोचून टोचून बोटाचं टोक निबर झालेला. या हाताला कळलं तर हा हात इथं राहील का? तिला फळीवरचा तो उडी मारणारा आठवला. उडी चुकली हे त्याला हवेतच कळायचं, पण तो चेहरा तसाच सुंदर ठेवायचा, पाण्यावर आपटेपर्यंत. तेवीस वर्षांची असताना ती त्यालाच धैर्य समजत होती. आणि मग पोटात, आत, त्या सगळ्या आवळण्याच्या मधोमध, बाळ हललं. एक गुडघा किंवा कोपर, तिच्या बरगडीखाली. काय करायचं ते विचारणारं नव्हे, आपलं नुसतं जागा करून घेणारं. याला काहीच माहीत नाही. ज्या वाटेनं आई नेईल त्या वाटेनं हे येणार. तिनं मुलींना पाण्यात ढकलताना कधी तळ न बघता ढकललं नव्हतं.

कळ ओसरली. "डॉक्टर," ती म्हणाली. डॉक्टरीण दारापर्यंत गेली होती. "मघाशी मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. दुपारपासून मुंग्या येतायत. उजवीकडे, आतल्या कडेला. मला ओळखू येतात. तिथं फोड येणार आहे."

डॉक्टरीण परत आली. तिनं पुन्हा दिवा ओढला, पुन्हा पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "मला अजूनही काही दिसत नाही," ती म्हणाली. "पण तुम्हाला जाणवतंय ना, मला तेवढं पुरे आहे. माझा सल्ला सिझरचा. आत्ता लगेच. कळा इतक्या चांगल्या चालल्यात, त्यामुळे मनाला लागेल हे मला कळतंय. निर्णय तुमचा." "काय आहे हिला?" सासूबाईंनी विचारलं. डॉक्टरीण तिच्याकडे बघू लागली. सांगायचं की नाही ते तिचं होतं. यंत्र गुणगुणत होतं. तिनं कोपरांवर जोर देऊन अंग थोडं वर उचललं, झोपून सांगायची ही गोष्ट नव्हती. "आई, मला हर्पीज आहे. खाली फोड येतात. लग्नाच्या आधीपासून आहे. तुमच्या मुलाला सगळं माहीत आहे. आत्ता तो उठतोय, आणि तसंच बाळंत झाले तर बाळाला लागू शकतो. म्हणून ऑपरेशन करायचंय." वाक्यं छोटी छोटी निघाली, एकेक करून पाण्यात उतरणाऱ्या मुलींसारखी. सासूबाईंचा हात टाचेवरून निघाला. पायाला एकदम गार लागलं. सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि मग तिच्याकडे पाहिलं, खांद्यांकडे नव्हे, तोंडाकडे. शिंपिणीच्या नजरेनं नव्हे, कुठल्या तरी अशा नजरेनं जी तिनं आधी पाहिली नव्हती. मग त्या डॉक्टरणीकडे वळल्या. "बाळाला काय काय सांभाळायचं ते सांगा," त्या म्हणाल्या. "मी चुकायची नाही." आणि हात परत टाचेवर आला. तिनं डोळे मिटले. आपला नवरा त्या दिवशी बाकावर बसून जे बोलला ते त्यानं कुठून आणलं होतं, हे तिला आज समजलं. "चला," ती डॉक्टरणीला म्हणाली. "करू या."

भूल दिल्यावर कमरेखालचं सगळं गेलं. जे पाय तिचं आयुष्य होते ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे उचलून ठेवण्यात आले. हिरवा पडदा, गार हवा, भांड्यांचा आवाज. छातीच्या खाली कुणीतरी कपाटातलं सामान शोधत असल्यासारखी ओढाओढ. तिला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. हरल्यासारखं होईल. ती वाट बघत राहिली त्या हरण्याची, आणि ते येईना. उलट पडद्याच्या अलीकडे, त्या निपचित अंगाच्या वरच्या टोकाला, ती फार जागी होती, शर्यत सुरू होण्याआधी ठोकळ्यावर वाकून उभं असावं तशी. या शर्यतीत हातपाय मारायचेच नव्हते. जे मारायचं होतं ते मघाशीच, त्या पलंगावर, मारून झालं होतं. मग एक चिरका, संतापलेला आवाज आला. "मुलगी," कुणीतरी म्हणालं. गालाला गाल लावला तेव्हा तो गाल ओला होता, आणि तिच्या मनात आलं ते इतकंच की हिचे खांदे बघू दे.

पुढचे दिवस वाट बघण्याचे होते. बाळाच्या तोंडातलं, नाकातलं, डोळ्यांच्या कडेचं पाणी कापसावर घेऊन तपासायला पाठवलं. नर्स रोज बाळाला उघडं करून, काखेत, मानेच्या वळीत, टाळूवर, कुठे पुरळ दिसतंय का ते बघायची. नवरा लिफ्टच्या कारखान्यात नवीन दोरी तपासावी तसा शेजारी वाकून उभा असायचा. दुसऱ्या दिवशी तिचा फोड आला. डॉक्टरणीनं पाहिलं आणि ती खुर्चीत टेकली. "अगदी तुम्ही म्हणालात तिथेच," ती म्हणाली. "बरं झालं तुम्ही बोललात." तिला हसू आलं, टाक्यांनी ते हसू अर्ध्यावर पकडलं. इतकी वर्षं ज्याला लपवलं त्या पुळीकडे कुणीतरी पुराव्यासारखं, आदरानं बघत होतं. बाळाला पाजायला काही हरकत नव्हती, छातीवर फोड नव्हता. फक्त हात धुवायचे, पुन्हा पुन्हा धुवायचे. सासूबाईंनी त्या खोलीत हात धुण्याचं राज्य स्थापन केलं. नर्सनंसुद्धा त्यांच्यासमोर दोनदा धुतले. एका दुपारी बाळ झोपलेलं असताना त्या हळूच म्हणाल्या, "त्या गोळ्या लोहाच्या नव्हत्या तर." "नाही, आई." "मला वाटलंच. लोहाच्या गोळीला कुणी चष्म्याच्या डबीत ठेवत नाही." मग थोड्या वेळानं, खिडकीकडे बघत, "मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, ते मलाही माहीत नाही. कदाचित वेडंवाकडं बोलले असते. पण तू डॉक्टरला सांगितलंस तेव्हा मी तिथं होते, हे बरं झालं." तिनं त्यांचा हात ओढून टाचेवर नव्हे, आपल्या हातात घेतला.

तपासण्या स्वच्छ आल्या त्याच दिवशी मामा आले. मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ. वडील लवकर गेल्यावर यांनीच बहिणीला वाढवलं, शिकवलं, दुकान घालून दिलं. त्यांच्या शब्दाबाहेर सासूबाई कधी गेल्या नव्हत्या, मुलाचं नावसुद्धा त्यांनी सुचवलं तेच ठेवलं होतं. मामा आवाजानं आधी आले, मग अंगानं. "कुठंय आमची बाहुली? आण इकडे, पापा घेऊ दे!" आणि हात पसरून ते पलंगाकडे निघाले. तिनं पाहिलं. खालच्या ओठाच्या कोपऱ्यात पुळ्यांचा एक झुबका, ताज्या, चकाकणाऱ्या. तोच आजार, फक्त ओठावरचा. बाळ तिच्या छातीशी होतं. तोंड उघडून ती काही बोलणार तेवढ्यात सासूबाई उठल्या आणि मधे उभ्या राहिल्या, भावाच्या छातीपर्यंत जेमतेम पोचणाऱ्या, दोन्ही हात कमरेवर.

"दादा, तिथंच थांब. ओठाला काय झालंय?" "काय व्हायचंय? ताप उतलाय. नेहमीचंच." "नेहमीचंच तुझ्यासाठी. तान्ह्या पोराला त्यानं मरण येऊ शकतं. खपली पडून जागा कोरी होईपर्यंत बाळाजवळ यायचं नाही." मामांना आधी ती गंमत वाटली. मग त्यांचा चेहरा बदलला. "मला? मला अडवतेस? मी काय परका आहे?" "परका असतास तर दारातूनच परत पाठवला असता. आपला आहेस म्हणून तोंडावर सांगतेय." मामा वळले आणि बाहेर जाऊन बोळातल्या बाकावर धपकन बसले. दार उघडंच राहिलं. सासूबाईंची पाठ तिला दिसत होती, त्या पाठीचा श्वास वरखाली होत होता. चाळीस वर्षांत न केलेली गोष्ट त्यांनी आत्ता केली होती. बऱ्याच वेळानं बाहेरून मामांचा आवाज आला, रुसलेला, बोलायला काहीतरी शोधणारा. "पोहणारी ना तुझी सून? गल्लीभर सांगत होतीस. मग ऑपरेशन कसं लागलं? अडली वाटतं."

"अडली नाही," सासूबाई म्हणाल्या. "चांगली चालली होती. सरळ बाळंत झाली असती. तिनं थांबवलं. पोरीच्या भल्यासाठी, सगळ्यांच्या समोर, स्वतःच्या तोंडानं सांगून. मी होते तिथं. मी पाहिलंय. पुन्हा कुणी अडली म्हणालं तर मला सांग." पदकं मिळाली होती तिला, राष्ट्रीय स्पर्धेत एकदा कांस्यही. पण तिची फुशारकी दुसऱ्या कुणी तिच्या पाठीमागे, दारात उभं राहून, इतक्या करड्या आवाजात मारलेली तिनं कधी ऐकली नव्हती.

बाकावरून उठल्याचा आवाज झाला. मामा उंबऱ्यापाशी आले, नाकातोंडावर हातरुमाल बांधून, डोळे तेवढे उघडे, दरोडेखोरासारखे. "लांबून तरी बघू देशील की नाही?" ते रुमालातून म्हणाले. सासूबाई एक पाऊल बाजूला सरल्या, एकच. "तिथूनच." मामांनी मान लांब केली. "दिसत नाही गं नीट. सगळी कपड्यातच आहे." तेव्हा तिनं बाळाला छातीपासून सोडवलं, दोन्ही हातांवर घेतलं आणि वर उचललं. टाके ओढले गेले, डोळ्यांपुढे क्षणभर काळं आलं. बाळानं जांभई दिली, आणि उंबऱ्यापलीकडे रुमालाआडून एक मोठा हुंदक्यासारखा हसण्याचा आवाज आला.

"खांदे बघा, मामा," ती म्हणाली, आणि हात खाली घेतले नाहीत.